ठिणगीमागचे हात

इतिहास हा विषय जाहीर झाला की श्रोते गड, तह आणि लढाया यांची अपेक्षा करून येतात. आजचा विषय त्या मानाने फारच लहान, बोटाएवढा आहे. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगविषयी, आणि तोही शर्यतीच्या मोटारीतल्या प्लगविषयी मी बोलणार आहे. तो काढावा कसा, तपासावा कसा, बसवावा कसा हे ज्ञान कोणी कमावले आणि त्याचे मोल कोणाच्या पदरात पडले, एवढाच माझा प्रश्न आहे. मी शाळा नववीत सोडली. पुढचे शिक्षण गॅरेजांच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे पंडितांची मांडणी माझ्याकडून होणार नाही. कामगाराच्या बाजूने पाहिले म्हणजे एखादी वस्तू कशी दिसते, तेवढे मात्र सांगता येईल.

प्रथम त्या वस्तूचे काम समजून घेऊ. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते. नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडली पाहिजे. म्हणून प्लगच्या मधोमध एक धातूची कांडी असते आणि तिच्यापासून केसभर अंतरावर बाहेरच्या कवचाचे वाकवलेले टोक असते. त्या फटीतून दहा-वीस हजार व्होल्टचा दाब ठिणगी उडवतो. वीज कांडीतून कवचात परस्पर पळू नये म्हणून दोहोंमध्ये विजेला अडवणारा पदार्थ भरावा लागतो. प्लगचा सारा इतिहास म्हणजे ह्या मधल्या पदार्थाचा इतिहास आहे. आता हिशेब करा. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक प्लगला मिनिटाला 3000 ठिणग्या द्याव्या लागतात. तीन तासांच्या शर्यतीत एका प्लगच्या 5 लाख 40 हजार ठिणग्या होतात. त्यातल्या थोड्या जरी चुकल्या तरी गाडी मागे पडते.

विजेच्या ठिणगीने इंजिन पेटवण्याची युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या एतिएन लेन्वारने 1860 साली आपल्या गॅसच्या इंजिनात ती वापरली होती. परंतु वेगाने फिरणाऱ्या मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली ती 1902 साली. जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरी रोबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला. इंजिनाच्याच फिरण्यातून वीज निर्माण करणारे ते यंत्र होते. बॅटरीची कटकट मिटली.

ह्या कारखान्याची दुसरीही एक हकीकत आहे, आणि तंत्राच्या पुस्तकात ती सहसा येत नाही. 1906 साली तेथे एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला आणि त्याच वर्षी बॉश ह्यांनी आठ तासांचा दिवस सुरू केला. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आल्यामुळे कामाचा दिवस उलट लांबत चालला होता, आणि गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा 1911 साली व्हावयाचा होता. तेव्हा बॉश ह्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याच कारखान्यात 1913 साली संप आणि टाळेबंदी झाली, आणि त्यानंतर बॉश मालकांच्या संघटनेत सामील झाले, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे. मालकाने खुशीने दिलेले आणि कामगारांनी लढून टिकवलेले, ह्या दोहोंतला फरक ह्या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता शर्यतीच्या रस्त्यावर येऊ. इंग्लंडात सरे परगण्यात वेब्रिज गावाजवळ ब्रुकलंड्स नावाचा मैदानी मार्ग 1907 साली सुरू झाला. जमीनदार होता ह्यू लॉक किंग. त्याच्या इस्टेटीवर शेकडो मजुरांनी माती उपसून काँक्रीटचा हा रस्ता बांधला. फेरी सुमारे पावणेतीन मैलांची, आणि वळणे बशीच्या कडेसारखी वर उचललेली. वळणावर वेग कमी करावा लागत नसे, हेच त्या रस्त्याचे वैशिष्ट्य. गावच्या रस्त्यावर चालकाचा पाय क्षणोक्षणी उचलला जातो आणि इंजिनाला उसंत मिळते. येथे पाय तळाशी दाबलेला तो दाबलेलाच. उष्णता साठत जाई आणि सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे प्लग, प्रथम माघार घेई. चिनी मातीचा भरणा तडकत असे.

केनेल्म ली गिनेस हा तिथला एक नामांकित चालक. शर्यतीत प्लग दगा देतात म्हणून त्याने 1912 च्या सुमारास स्वतःच प्लग तयार करावयास घेतले. लंडनजवळ पटनी व्हेल येथे एका जुन्या खाणावळीच्या जागेत हे काम सुरू झाले, आणि त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून प्लगला के.एल.जी. हे नाव पडले. त्याने चिनी मातीऐवजी अभ्रक वापरले. मधल्या कांडीभोवती अभ्रकाचा पातळ पापुद्रा गुंडाळावयाचा, त्यावर अभ्रकाच्या चकत्यांची चळत चढवावयाची, ती दाबून घट्ट करावयाची आणि मग लेथवर गुळगुळीत करावयाची. अभ्रक आचेने तडकत नाही. पहिल्या महायुद्धात विमानांना असे प्लग लागले आणि त्या लहान जागेचा मोठा कारखाना झाला. स्त्रिया मोठ्या संख्येने त्यात कामाला लागल्या. 17 मे 1922 रोजी ह्याच गिनेसने ब्रुकलंड्सवर सनबीम गाडी ताशी 133.75 मैल वेगाने नेली आणि जमिनीवरील वेगाचा जागतिक उच्चांक केला.

येथे आपला देश ह्या कथेत येतो. त्या काळी जगाच्या बाजारात येणाऱ्या पत्री अभ्रकाचा फार मोठा वाटा हिंदुस्थानचा होता. बिहारमधील कोडर्मा, गिरिडीह आणि हजारीबाग हा अभ्रकाचा मुलूख. आज तो झारखंडात आहे. खाणीतून निघालेली लादी विळ्याने कडा छाटून साफ करावयाची आणि मग धारदार सुरीने तिचे पापुद्रे सुटे करावयाचे. पापुद्रा सुटावा पण फाटू नये, हे काम यंत्राला जमत नव्हते. ते बायका आणि मुले करीत. पुष्कळ वेळा घरी बसून, आणि वजनावर मोल घेऊन. पापुद्रा जितका पातळ तितकी मेहनत अधिक, आणि तितके वजन कमी भरे. खाणमजुरांच्या कल्याणासाठी वेगळा निधी उभारण्याचा कायदा झाला तो 1946 साली, म्हणजे अभ्रकाच्या प्लगचा भरभराटीचा काळ सरल्यावर. शर्यतीचा चषक हाती घेणाऱ्याला कोडर्मा कोठे आहे हे कळण्याचे कारण नव्हते. ठिणगी अडवणारा पदार्थ मात्र अशाच हातांनी सोललेला होता.

अभ्रकाची सद्दी संपली ती शिशामुळे. इंजिनाची ताकद वाढवावयाची तर मिश्रण अधिक दाबावे लागते, आणि अधिक दाबले की ते अवेळी भडकून इंजिनात खटखट सुरू होते. डेटन येथील जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत 1921 च्या डिसेंबरात टॉमस मिजली ह्यांनी शोधून काढले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घातले म्हणजे ही खटखट थांबते. 1923 च्या फेब्रुवारीत असे पेट्रोल विक्रीस आले आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्यांत तेच होते. जाहिरातीला आणखी काय पाहिजे? पण पुढच्याच वर्षी, 1924 च्या ऑक्टोबरात, न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग तयार करणाऱ्या कारखान्यात 5 कामगार मेले आणि कित्येक रुग्णालयात गेले. शिसे मेंदूत जाऊन माणसे भ्रमिष्ट होत. त्या इमारतीला कामगार वेड्या वायूची इमारत म्हणत. म्हणजे त्यांना ते आधीच ठाऊक होते. काही महिने विक्री थांबली, सरकारी समिती बसली, आणि 1926 साली बंदीला पुरेसे कारण नाही असा निर्वाळा देऊन समिती उठली.

तेच शिसे प्लगवर बसू लागले. त्याची पुटे तापली की त्यांतून वीज वाहते आणि ठिणगी चुकते; अभ्रकालाही ते खाऊन टाकते. त्यामुळे 1930 च्या दशकात जर्मनीत आणि इंग्लंडात शुद्ध ॲल्युमिनाची भट्टीत भाजलेली पांढरी नळी पुढे आली आणि आजही आपल्या स्कूटरच्या प्लगवर जे पांढरे दिसते ते त्याच जातीचे आहे. आपल्या देशात शिशाचे पेट्रोल 2000 साली बंद झाले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 साली थांबला. बेवेच्या कामगारांनी दिलेला इशारा जगाच्या गळी उतरावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आणि अभ्रकाचे काय झाले? ते प्लगमधून निघाले आणि मोटारीच्या चमकणाऱ्या रंगात जाऊन बसले. ओसाड पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचा चुरा, ज्याला तिकडे ढिबरा म्हणतात, तो वेचणारी मुले अलीकडच्या वर्षांपर्यंत वर्तमानपत्रांतून दिसत आली आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू, कारण ज्ञान खरे तेथे आहे. शर्यतीच्या गाडीचा प्लग तपासणे म्हणजे तो साफ करणे नव्हे. साफ करणे हे शेवटचे काम आहे. त्याच्या आधी तो वाचावा लागतो. गाडी पूर्ण वेगात असताना चालकाने एकदम ठिणगी बंद करावयाची, क्लच दाबावयाचा आणि गाडी नुसत्या ओघाने थांबू द्यावयाची. तो हळूहळू इंजिन चालवीत परत आला तर पूर्ण वेगाची खूण पुसली जाते आणि संथ चालण्याची काजळी तेवढी उरते. मग प्लगच्या खळग्यातली माती फुंकून काढावयाची, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. काढलेला प्रत्येक प्लग आकडे घातलेल्या फळीच्या भोकात क्रमाने ठेवावयाचा. ब्रुकलंड्सवर 1935 साली ताशी 143.44 मैलांचा उच्चांक करून जॉन कॉबने जी नेपियर-रेल्टन गाडी अजिंक्य ठेवली, तिच्यात विमानाचे बारा सिलिंडरचे इंजिन होते आणि दर सिलिंडरला दोन, म्हणजे चोवीस प्लग होते. क्रम चुकला तर चोवीस साक्षीदार हजर असूनही साक्ष मिळावयाची नाही.

टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा करडा असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, किंवा प्लग त्या इंजिनाला फार थंड जातीचा आहे. ओले काळे तेल दिसले तर दोष प्लगचा नाही. त्या सिलिंडरच्या रिंगा झिजल्या आहेत. पांढरेफटक, फोड आलेले टोक म्हणजे आच फार, मिश्रण पातळ. आणि टोकावर चकाकणारे बारीक कण दिसले तर गाडी तेथेच थांबवावी, कारण ते दट्ट्याचे ॲल्युमिनियम आहे. दट्ट्याला भोक पडावयास आता वेळ लागणार नाही.

थंड आणि गरम जात म्हणजे काय तेही सांगतो. प्लगचे टोक साधारण 450 अंशांच्या वर राहिले तर काजळी आपोआप जळते. 850 अंशांच्या पलीकडे गेले तर ठिणगीची वाट न पाहता तेच निखाऱ्यासारखे मिश्रण पेटवते. टोकाचे नाक लांब असेल तर उष्णता बाहेर पडावयास वेळ लागतो, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड प्लग. शर्यतीला थंड प्लग हवा. पण तोच प्लग लावून थंड इंजिन सुरू केले तर तो काजळीने बंद पडतो. म्हणून 1930 च्या दशकातील मोठ्या शर्यतींत इंजिन गरम प्लगवर तापवीत, आणि सुरुवातीच्या थोडे आधी सगळे प्लग काढून थंड प्लग बसवीत. तापलेल्या इंजिनावर, घड्याळाकडे डोळा ठेवून, एकही आटा न बिघडवता हे काम मेकॅनिक करीत. त्या बदलाची वेळ कोणी नोंदवून ठेवली नाही. गाडी निघाल्यावरचे सेकंद तेवढे नोंदले गेले.

बसवण्याची रीतही शिस्तीची आहे. पांढऱ्या नळीला केसाएवढीही चीर असेल तर प्लग बाद. वाळूच्या यंत्राने साफ केला असेल तर कवचात एकही कण उरता कामा नये. तो सिलिंडर ओरबाडतो. फट तारेच्या गेजने मोजावयाची. मॅग्नेटोच्या काळात ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवीत. फट कमी-जास्त करताना बाहेरचे टोक तेवढे वाकवावयाचे, मधल्या कांडीला हात लावावयाचा नाही. आट्याची लांबी बरोबर आहे ना, ते पाहावयाचे. लांब प्लग दट्ट्याला धडकतो, आखूड प्लगमुळे हेडचे उघडे आटे काजळीने भरतात. मग बोटांनीच आटे धरू द्यावयाचे. ॲल्युमिनियमच्या हेडला पान्याने सुरुवात करणारा हेल्पर पहिल्याच दिवशी उस्तादाच्या शिव्या खातो, आणि त्या रास्त असतात. प्लग वायसरवर टेकला की पाना लावावयाचा. वायसर नवा असेल तर अर्ध्या फेऱ्याच्या आसपास, वापरलेला असेल तर त्याहून पुष्कळ कमी. सैल राहिला तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो लालबुंद होतो. जास्त आवळला तर आटे जातात, आणि दहा रुपयांच्या घाईपायी हेड उतरवावे लागते.

हे सगळे ज्यांना येत होते ते एके काळी गाडीतच बसत. चालकाच्या शेजारी मेकॅनिकची जागा असे. तेलाचा दाब पाहणे, पेट्रोलचा पंप मारणे, वाटेत प्लग बदलणे ही त्यांची कामे. 1924 सालच्या सान सेबास्तियनच्या शर्यतीत गिनेसची सनबीम घसरली. गिनेस जबर जखमी झाला आणि त्याचा मेकॅनिक टॉम बॅरेट जागीच ठार झाला. 1925 पासून अशा मोठ्या शर्यतींत मेकॅनिकला गाडीत नेणे बंद झाले. ती सुधारणा योग्यच होती. पण गिनेसची आद्याक्षरे पुढे कित्येक वर्षे प्लगवर छापली गेली आणि बॅरेटचे नाव शर्यतीच्या जुन्या वह्यांत राहिले, हे आपण ध्यानात ठेवू.

कोणी विचारील, ह्या परदेशी कहाणीशी आपला संबंध काय? आपल्याकडे बंगलोरला 1951 साली बॉशच्या भागीदारीत मायको ही कंपनी निघाली आणि तिचा प्लग गावोगावच्या गॅरेजात पोचला. त्याबरोबर प्लग वाचण्याची विद्याही पोचली. पुस्तकातून नव्हे, उस्तादाकडून हेल्पराकडे. आमच्या युनियनकडे एकदा एका खाजगी गॅरेजातल्या कामगाराचे प्रकरण आले. बावीस वर्षे नोकरी, आणि पगारपत्रकावर अजून अकुशल. प्लगच्या टोकावरून कोणत्या सिलिंडरची रिंग गेली ते हा माणूस हेड न उघडता सांगत असे, आणि गिऱ्हाइके त्याचेच नाव घेऊन येत. व्यवस्थापकांचे म्हणणे एकच : कागद दाखवा. आयटीआयचा कागद त्याच्याकडे नव्हता. दोन वर्षे पत्रव्यवहार चालला आणि शेवटी त्याला अर्धकुशल हा दर्जा मिळाला. म्हणजे त्या विद्येचे अर्धे अस्तित्व मान्य झाले.

किमान वेतनाच्या 1948 च्या कायद्यापासून अकुशल, अर्धकुशल, कुशल ही वर्गवारी आपल्या अंगवळणी पडली आहे. तिच्यावर माणसाची रोजी ठरते, निवृत्तीची रक्कम ठरते, मुलाच्या शिक्षणाचे ठरते. आणि ती ठरवणाऱ्याला हाताचे ज्ञान मोजण्याचे गेज ठाऊक नसते. अर्ध्या मिलिमीटरची फट मोजावयास माणसाने तार शोधून काढली; बावीस वर्षांचा अनुभव मोजावयास मात्र कागदाखेरीज साधन नाही, हे मला पटत नाही. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची परीक्षा घ्या, जुन्या उस्तादांना परीक्षक नेमा आणि उतरेल त्याला दर्जा द्या, एवढीच आमची साधी मागणी आहे.

काळ पुढे चालला आहे. शिसे गेल्यापासून प्लगचा रंग फिका उमटतो आणि वाचणे कठीण झाले आहे. इरिडियमच्या टोकाचे प्लग हजारो मैल हात न लावता चालतात. इंजिनातली खटखट आता यंत्रच ऐकते. विजेच्या मोटारीला तर प्लगच नाही. वीस-पंचवीस वर्षांनी ही विद्या जाणणारा माणूस शोधावा लागेल. त्याचे मला दुःख नाही. हत्यारे बदलतात तशा विद्याही बदलतात. पण विजेच्या मोटारीची बॅटरी उघडणारा, तिच्यातला दोष हाताने आणि नाकाने ओळखणारा कामगार आजच आपल्या शहरात तयार होतो आहे, आणि त्याच्याही पगारपत्रकावर हेल्पर असेच लिहिले जात आहे.

तेव्हा श्रोत्यांना माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी आपली गाडी गॅरेजात न्याल तेव्हा काढलेला प्लग मागून घ्या, उजेडात धरा आणि त्यावर काय लिहिले आहे ते त्या कामगाराला विचारा. तो सांगेल. मग बिलावर त्याचे नाव आहे का, आणि असले तर कोणत्या हुद्द्याने, तेही पाहा.